ज्यूंना घरात दडवणाऱ्या माणसांची गोष्ट मुलांना कशी सांगावी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दुसऱ्या महायुद्धातली ही गोष्ट बहुतेक जण शेवटाकडून सुरू करतात. आधी गॅस चेंबर, मग नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा, मग "तरी काही थोर माणसं होती हो" आणि टाळ्या. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. आमच्या वाचनकट्ट्यावरच्या पाचवी-सहावीच्या मुलांना लॅपटॉपवर छळछावणीतले फोटो दाखवले. एक मुलगा तीन रात्री दिवा लावून झोपला आणि त्याच्या आईचा मला फोन आला. महिन्याभराने सहज विचारलं, तर लपवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुणाला आठवत नव्हतं. फोटो मात्र सगळ्यांना आठवत होते.

त्यानंतर क्रम बदलत बदलत आता जो बसलाय तो इथे देतेय. चार बैठका, प्रत्येकी पाऊण तास, वय दहा ते तेरा. सगळा भर एका गोष्टीवर आहे: लपवणं हे रोजचं घरकाम होतं. भाजी, कुपनं, दूध, संडास, खोटं बोलणं. हे काम मुलांना नीट कळलं की धैर्य वेगळं शिकवावं लागत नाही.

## सुरुवातीआधीची तयारी

एकच घर निवडा. जेरुसलेमच्या 'याद वाशेम' या संस्थेने 1963 पासून 28 हजारांहून जास्त बिगर-ज्यू माणसांना, जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवल्याबद्दल सन्मान दिला आहे. त्यातली दहा नावं एका तासात सांगितलीत तर मुलांकडे एकही उरणार नाही.

मी अ‍ॅमस्टरडॅममधलं प्रिन्सेनग्राख्त 263 हे घर घेते. तिथे लपलेल्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी मराठीत मिळते, कुठल्याही बऱ्या वाचनालयात असते. सीबीएसईच्या मुलांनी तिचा उतारा दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात पाहिलेला असतो, निदान दादा-ताईच्या दप्तरात. पण मी गोष्ट सांगते ती लपायच्या जागेचं दार झाकणाऱ्या पुस्तकांच्या कपाटाच्या अलीकडून, म्हणजे त्याच घरातल्या, अ‍ॅनच्या वडिलांच्या कचेरीत टाइपरायटरवर बसलेल्या मीप गीसच्या बाजूने. (डच लोक आडनाव 'खीस' असं म्हणतात. मुलं हसतात, हसू द्या.)

माणसं पाठ करा. लपलेले आठ: फ्रँक कुटुंबातले चौघे, फान पेल्स कुटुंबातले तिघे आणि फ्रिट्झ फेफर नावाचे दातांचे डॉक्टर. त्यांना सांभाळणारे कचेरीतले चौघे: मीप, बेप फोस्काउल, व्हिक्टर क्युग्लर आणि योहानेस क्लायमन. शिवाय मीपचा नवरा यान आणि बेपचे वडील. बेप त्या वेळी 23 वर्षांची होती. हे मुलांना जरूर सांगा, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी पांढऱ्या केसांच्या आजीचा फोटो येतो.

सामान. युरोपचा नकाशा, तीन फोटो (कालव्याकाठचं घर, फिरतं पुस्तकांचं कपाट, कचेरीत बसलेली तरुण मीप), घरचं रेशनकार्ड, भाजीची मोठी पिशवी आणि कागदाच्या चिठ्ठ्या. एवढं पुरतं. प्रोजेक्टर नको.

पालकांना आधी सांगा. काय सांगणार, काय दाखवणार नाही आणि मूल घरी येऊन काय विचारू शकेल, असे चार ओळींचे तीन मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तरी चालेल. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ते मूल या खेपेला नको.

> सावधान: दहाच्या खालच्या मुलांना हा विषय मी घेत नाही. "दादाबरोबर आलाय, बसू दे कोपऱ्यात" म्हणून सात वर्षांच्या भावाला बसवू नका. कोपऱ्यातलं मूलच सगळ्यात लक्ष देऊन ऐकतं.

> तपासून पाहा: कागद न बघता पाच मिनिटांत सांगता येतंय का, भाजी कोण आणायचं, दूध कोण आणायचं, कुपनं कुठून यायची? अडखळलात तर अजून वाचा. मुलांचे प्रश्न याच जागी येतात.

## टप्पा 1: आधी शेजारी, मग शत्रू

पहिल्या वीस मिनिटांत हिटलरचं नाव घेऊ नका.

आपल्याकडच्या मुलांना ज्यू म्हणजे कोण हे साधारणपणे माहीत नसतं. एकदा एकाने "ज्यूसवाले का?" असं अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं. इथे आपल्याकडे एक खरा दुवा आहे, तो वापरा. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्राएल ज्यू मराठीच बोलत. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं. नवस फेडताना पोहे-खोबऱ्याचा मलिदा करतात. पुण्याच्या कॅम्पातलं लाल विटांचं 'लाल देऊळ' हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. हे ऐकलं की 'ज्यू' या शब्दाला चेहरा येतो. त्यांच्यावर हा प्रसंग आला नाही, हेही तिथेच सांगून टाका, नाहीतर मुलं रायगडातच छावण्या शोधायला लागतात.

मग नकाशावर जर्मनीतल्या फ्रँकफुर्टवर बोट ठेवा. तिथले ओटो फ्रँक, अ‍ॅनचे वडील, 1933 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आले, बायको-मुली मागोमाग आल्या. जॅम घट्ट करायला लागणारं पेक्टिन विकणारी ओपेक्टा नावाची कंपनी त्यांनी चालवली. त्याच वर्षी मीप तिथे नोकरीला लागली. पहिले काही दिवस तिला कचेरीच्या स्वयंपाकघरात जॅम करत बसवलं, कारण पुढे तिलाच गृहिणींच्या फोनवरच्या तक्रारींना उत्तरं द्यायची होती. "जॅम बसला नाही, काय करू?" असले फोन. मालक ज्यू, नोकर ख्रिश्चन आणि मध्ये जॅमचं पातेलं: पहिल्या बैठकीला हे चित्र पुरेसं आहे.

मीप मूळची व्हिएन्नाची होती, ही गोष्ट इथे पेरून ठेवा. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात उपासमार झाली तेव्हा 1920 मध्ये, अकरा वर्षांची असताना, तिला खायला-प्यायला मिळावं म्हणून हॉलंडला पाठवलं होतं. ती तिथेच राहिली. टप्पा 5 मध्ये याची गरज पडणार आहे.

> सावधान: "हिटलर" हा शब्द आपल्याकडे कडक बापासाठी आणि गणिताच्या सरांसाठी सर्रास वापरतात. फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं आणि कुणीतरी काका "माणूस शिस्तीचा होता" असं म्हणालेला असतो. मुलं हे बोलून दाखवतील. रागावू नका. "थांब, दोन बैठका झाल्या की परत विचार" एवढंच म्हणा आणि आठवणीने परत विचारा.

## टप्पा 2: नियमांच्या चिठ्ठ्या

जर्मनीने मे 1940 मध्ये हॉलंड व्यापलं. पुढच्या दोन वर्षांत काय झालं ते भाषणाने सांगू नका. चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक नियम:

- ज्यू सरकारी नोकरांना कामावरून दूर केलं (1940 अखेर)
- प्रत्येक ज्यूने नाव नोंदवायचं. ओळखपत्रावर J अक्षर (1941)
- सिनेमा बंद, पोहण्याचे तलाव बंद, बागा बंद (1941)
- ज्यू मुलांनी वेगळ्या शाळेत जायचं (1941 चा सप्टेंबर)
- कपड्यांवर पिवळा तारा (मे 1942)
- सायकली जमा करा. रात्री आठनंतर घराबाहेर पडायचं नाही. खरेदी फक्त दुपारी तीन ते पाच (जून 1942)

चिठ्ठ्या मिसळून मुलांना क्रम लावायला द्या. मुलं तारा सगळ्यात आधी ठेवतात. खरा क्रम लावला की मग प्रत्येक चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारा: हा नियम आला त्या सकाळी शेजारच्या बिगर-ज्यू घराला काय अडचण झाली?

उत्तर दरवेळी एकच येतं, "काहीच नाही." तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीला मुलं आपोआप गप्प होतात. इथे तुम्हीही गप्प राहा.

> सावधान: मुलांना पिवळा तारा लावायला लावू नका. कुणाला नाझी, कुणाला ज्यू करून नाटुकलं बसवू नका. अंधाऱ्या कपाटात बसवून "बघा कसं वाटतं" हा प्रयोग तर अजिबात नको. मुलं एक तर घाबरतात, नाहीतर त्यांना लपाछपीची मजा येते. दोन्ही चुकीचंच.

एक गोष्ट हमखास होते. चिठ्ठ्या बघून एखादं मूल म्हणतं, "आमच्या बिल्डिंगमध्ये पण त्या लोकांना भाड्याने घर देत नाहीत." वर्गातलं कुणीतरी 'त्या लोकां'पैकीच असतं. विषय बदलू नका आणि "हो, अगदी तसंच" असंही म्हणू नका. मी म्हणते, "ही चिठ्ठी इथली आहे, तिकडची नाही. वेगळ्या कागदावर लिहून ठेव." कागद राहतो, मूलही दुखावत नाही आणि दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ होत नाही.

## टप्पा 3: हो म्हणण्याचा क्षण (लवकर उरका)

1942 च्या वसंतात ओटो फ्रँक यांनी मीपला विचारलं: आम्ही लपलो तर तू आमचं करशील का? ती हो म्हणाली.

बस. इथे रंग भरायचा मोह होतो, थरथरते हात वगैरे. भरू नका. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा. जो जास्त वेळ मिळेल तो पुढच्या टप्प्याला लागणार आहे.

5 जुलैला थोरल्या मुलीला, मार्गोटला, जर्मनीत कामाला हजर होण्याची नोटीस आली. दुसऱ्या दिवशी, 6 जुलैच्या सोमवारी, पाऊस पडत होता. मीप सायकलवरून मार्गोटला घेऊन कचेरीकडे निघाली. ताऱ्याशिवाय आणि जमा करायला हवी होती त्या सायकलवर. चिठ्ठ्यांकडे बोट दाखवून मुलांना विचारा, या एका फेरीत किती नियम मोडले? मुलं भराभर मोजतात.

नेहमीची चूक: "तुम्ही असता तर काय केलं असतं?" हा प्रश्न. तो मला आवडायचा, आता विचारत नाही. वर्गात बसून प्रत्येक जण शूर असतो. सगळे हात वर करतात आणि जो करत नाही त्याला लाज वाटते. त्याऐवजी विचारा: "त्या सोमवारी मीपने कुणाकुणाला काय सांगितलं नसेल?"

## टप्पा 4: पिशवी, कुपनं, बरणी

ही बैठक सगळ्यात महत्त्वाची. पूर्ण पाऊण तास द्या, कमी पडला तर पुढची बैठकही द्या.

क) टेबलावर रेशनकार्ड ठेवा. बऱ्याच मुलांनी ते हातात घेतलेलंच नसतं. युद्धात सगळं कुपनांवर मिळे आणि लपलेला माणूस कागदोपत्री नाहीसा झालेला, म्हणजे त्याला कुपन नाही. आठ माणसांचं अन्न कुठून आणायचं? यानचा भूमिगत चळवळीशी संबंध होता, तिथून तो जास्तीची कुपनं मिळवायचा. मीप भाजी आणि मटण बघायची, बेप दूध-पाव. क्लायमनच्या ओळखीचा एक बेकरीवाला होता. पैसे बव्हंशी लपलेल्यांचेच. मीपच्या पगारात आठ जणांचं काय भागणार होतं?

ख) आता भाजीची पिशवी काढा. खरी पिशवी, त्यात पाच किलो बटाटे. प्रत्येक मुलाने ती उचलून खोलीभर एक चक्कर मारायची. मग विचारा: घरात तुम्ही दोघंच आहात. रोज एवढी भाजी नेलीत तर भाजीवाला काय म्हणेल?

माझ्या गटातली एक मुलगी लगेच भाजीवाल्याच्या आवाजात म्हणाली, "काय वहिनी, पाहुणे का? लई दिवस राहिले!" सगळे हसले आणि मग एकदम थांबले. धोका कुठून येतो ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं.

अ‍ॅमस्टरडॅममधला तो भाजीवाला, हेंड्रिक फान हूव्ह, कधी काही विचारत नसे. त्याने ओळखलं होतं. बटाट्याची पोती तो कचेरीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणून टाकायचा, तेव्हा गोदामातले कामगार बाहेर गेलेले असायचे. त्याच्या स्वतःच्या घरातही दोन ज्यू दडलेले होते. मे 1944 मध्ये ते सापडले आणि त्याला पकडलं. मुलांना मीपइतकाच हा भाजीवाला आवडतो. मला तर जास्तच.

ग) आवाज. खालच्या गोदामातल्या कामगारांना वर कुणी आहे हे माहीत नव्हतं. म्हणून कामाच्या वेळात बूट नाही, नळ नाही, संडासात पाणी सोडायचं नाही. एकदा खाली नळजोडणीचं काम निघालं तेव्हा काचेची बरणी वापरावी लागली. मुलं "ईईई" करतील, करू द्या. मग दोन मिनिटं घड्याळ लावून सगळ्यांनी स्तब्ध बसायचं. लपल्याचं नाटक करायचं नाही, नुसते आवाज मोजायचे. खुर्ची करकरते, कुणीतरी नाक ओढतं, पोट गुरगुरतं. मोजलेला आकडा फळ्यावर लिहा.

घ) कपाट. दार झाकणारं ते पुस्तकांचं कपाट बिजागरीवर फिरायचं. ते बेपच्या वडिलांनी बनवलं. दर शनिवारी मीप वाचनालयातून पुस्तकं न्यायची. एक रात्र ती आणि यान आत मुक्कामाला राहिले. भीतीने मीपला झोप लागली नाही. 1943 च्या नाताळात तिने केक केला, त्यावर 'शांतता 1944' असं लिहिलं होतं. हा केक मुलांना लक्षात राहतो, पुढे त्याची आठवण काढा.

आणि एक गुपितातलं गुपित: मीप आणि यान यांनी स्वतःच्या घरी एका विद्यार्थ्यालाही लपवलं होतं. फ्रँक कुटुंबाला त्यांनी ते सांगितलं नाही.

ङ) खोटं. कुणीतरी विचारणारच: "म्हणजे मीप खोटं बोलायची?" हो. रोज. कचेरीत, दुकानात, शेजारी. कुपनंही सरळ मार्गाची नव्हती. आपण घरी "नेहमी खरं बोलावं" असं शिकवतो, त्यामुळे मोठी माणसं इथे गडबडतात आणि "ते वेगळं असतं" म्हणून विषय आवरता घेतात. आवरू नका. मुलांनाच भांडू द्या. एकदा एक मुलगा म्हणाला, "ती स्वतःला वाचवायला खोटं नाही बोलली." दुसरा म्हणाला, "पण शेवटी खोटंच ना?" त्या दिवशी पंधरा मिनिटं तशीच गेली. मी निकाल दिला नाही.

> नेहमीची चूक: लपलेल्यांना बाहुल्या करणं. कुणीतरी लपवलं, कुणीतरी जेवायला दिलं आणि ते नुसते बसून राहिले, असं चित्र उभं राहतं. ते बटाटे सोलायचे, वाटाणे निवडायचे, कचेरीचं काम करायचे, अभ्यास करायचे, फेफर सगळ्यांचे दात बघायचे, अ‍ॅन लिहायची. ही यादी मदतनीसांच्या यादीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

> तपासून पाहा: बैठकीनंतर प्रत्येकाला एक वाक्य लिहायला सांगा, "आज सगळ्यात अवघड काम कोणतं वाटलं?" उत्तरात पिशवी, संडास, कुपन, गप्प बसणं असं काही आलं तर पुढे जा. सगळ्यांनी "शौर्य" लिहिलं असेल, तर तुम्ही भाषण ठोकलं आहे. पिशवी पुन्हा काढा.

## टप्पा 5: 4 ऑगस्ट 1944

शेवट लपवू नका आणि लांबवूही नका. आवाज आहे तसाच ठेवा.

शुक्रवारी सकाळी पोलीस आले. अधिकारी कार्ल सिल्बरबाउअर. आठही जण सापडले. क्युग्लर आणि क्लायमनलाही नेलं. मीपने त्या अधिकाऱ्याची बोली ओळखली. तो व्हिएन्नाचा होता. ती म्हणाली, मीही व्हिएन्नाची. तो खूप चिडला, पण तिला सोडून गेला.

इथे पहिल्या बैठकीत पेरलेलं उगवतं. एकाच शहरातली दोन माणसं एका कचेरीत समोरासमोर उभी आहेत. "जर्मन वाईट, डच चांगले" अशी वाटणी करून बसलेली मुलं चक्रावतात. फ्रँक मंडळी स्वतः जर्मनच होती, याचीही आठवण याच वेळी करून द्या.

नंतर मीप लाच देऊन माणसं सोडवता येतात का बघायला पोलिसांच्या मुख्यालयात गेली. जमलं नाही. मीप आणि बेपने जमिनीवर विखुरलेले डायरीचे कागद गोळा केले. मीपने ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवून दिले. वाचले असते तर जाळावे लागले असते असं ती पुढे म्हणाली, कारण त्यात मदत करणाऱ्यांची नावं होती.

आठांपैकी सात जण परत आले नाहीत. अ‍ॅन आणि मार्गोट 1945 च्या सुरुवातीला बर्गेन-बेल्झनच्या छावणीत आजाराने गेल्या. ओटो फ्रँक एकटे परतले आणि सात वर्षं मीप-यानच्याच घरी राहिले. मीप 2010 मध्ये गेली, शंभर वर्षांची होऊन. क्युग्लर आणि क्लायमन दोघंही वाचले.

एवढं सांगून थांबा. छावणीत काय झालं हे विचारलं तर सरळ उत्तर द्या: "तिथे माणसांना मारण्यात आलं, आणि बरीचशी उपासमारीने, रोगाने मेली." तपशील नको, फोटो तर नाहीच.

मग प्रश्न येतो: "म्हणजे मीपचं सगळं फुकट गेलं?" घाईघाईने "नाही नाही, डायरी तर वाचली ना!" असं म्हणू नका. सात माणसं गेली आणि वर डायरीचं सांत्वन, हे मुलांनाही पटत नाही. मी फक्त फळ्यावर लिहिते: 6 जुलै 1942 ते 4 ऑगस्ट 1944, दोन वर्षं आणि एक महिना. कुणी केकची आठवण काढली तर काढू दे.

> सावधान: कुणी फितुरी केली? हे आजवर सिद्ध झालेलं नाही. मुलं गुप्तहेर व्हायला बघतात आणि इंटरनेटवर दर थोड्या वर्षांनी नवं नाव फिरतं. कुणाचंही नाव घेऊ नका.

## टप्पा 6: बाकीचे लोक काय करत होते

हा टप्पा गाळला तर मुलांना वाटतं की युरोपात गल्लोगल्ली मीप होत्या. हॉलंडमधल्या सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी जवळपास 1 लाख 2 हजार मारले गेले. चारातले तीन. चार बोटं दाखवा, तीन मिटा.

लपलेले ज्यू शोधून देणाऱ्यांची एक टोळीच 1943 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये होती. माणशी साडेसात गिल्डर (तिथलं तेव्हाचं चलन) मिळायचे. दुसऱ्या बाजूला, 25 फेब्रुवारी 1941 ला ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध ट्राम कामगारांपासून सगळ्यांनी संप केला आणि शहर थांबलं. दोन दिवसांत तो चिरडला. दोन्ही सांगा, एकाच दमात. आणि बहुसंख्य लोक या दोन्हींत नव्हते. त्यांनी टप्पा 2 मधल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि ते कामावर गेले.

शिक्षा सगळीकडे सारखी नव्हती, हेही सांगा. हॉलंडमध्ये पकडलेल्या मदतनीसाला तुरुंग किंवा छावणी. व्यापलेल्या पोलंडमध्ये मृत्युदंड, कधी अख्ख्या घराला. मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबाला, सहा मुलांसकट, लपवलेल्या आठ ज्यूंबरोबर 24 मार्च 1944 ला मारलं. ही गोष्ट मी तेरा वर्षांखाली सांगत नाही.

## टप्पा 7: दुसरं घर

आता, आणि आताच, दुसरं घर घ्या. मीपपेक्षा जितकं वेगळं तितकं बरं. मी या दोनांतून एक निवडते.

*बर्लिन.* ओटो वाइट, झाडू आणि ब्रश बनवणारा, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्याच्या कारखान्यात बहुतेक कामगार अंध आणि बहिरे ज्यू होते. सैन्याला ब्रश लागतात या सबबीवर तो त्यांना राखायचा, गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, लाच चारायचा. मागच्या खोलीत एक कुटुंब दडवलं होतं. खोलीच्या दारासमोर कपड्यांचं कपाट. वर्गात चष्मा लावणारी मुलं असतात, त्यांना हा माणूस लगेच आपला वाटतो.

*अल्बानिया.* सतरा वर्षांचा रेफिक वेसेली तिराना शहरात मंदिल नावाच्या ज्यू फोटोग्राफरकडे काम शिकत होता. 1943 मध्ये जर्मन आले तेव्हा त्याने मालकाच्या कुटुंबाला रात्री खेचरांवरून डोंगरात, क्रुयाजवळ आपल्या आईवडिलांकडे नेलं. मोठी माणसं गोठ्यावरच्या खोलीत दडायची, पोरं गावातल्या पोरांत मिसळून जायची. वेसेली मुसलमान होते. दाराशी आलेल्याला सांभाळायचा शब्द म्हणजे तिथे 'बेसा', तो मोडायचा नाही.

टप्पा 4 चेच प्रश्न इथे विचारा: भाजी कोण आणायचं, आवाजाचं काय, कुणाला कळलं असेल? उत्तरं वेगळी येतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मदतनीसांशिवाय कुणाला कळता कामा नये, आणि क्रुयाच्या डोंगरात पोरं उघड्यावर खेळत होती. का, हे मुलांना शोधू द्या.

नेहमीची चूक: कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पची गोष्ट इथे जोडणं. अभिमानाने बरेच जण जोडतात. 1943 ते 1948 तिथे सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले हे खरं. पण त्यांना सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हद्दपार केलं होतं आणि ते बहुतेक कॅथलिक होते. आसरा दिल्याची ती सुंदर गोष्ट आहे, ती वेगळ्या दिवशी सांगा. इथे मिसळलीत तर दोन्ही बिघडतात.

## बैठकी संपल्यावर

तीन-चार दिवसांनी पालकांना विचारा: झोप नीट आहे का, घरात लपायच्या जागा शोधतोय का? जागा शोधणं बऱ्याच मुलांत दिसतं, आठवड्याभरात थांबतं. नाही थांबलं तर मुलाला एकट्याला भेटा आणि विषय त्याच्याकडून निघू द्या.

हिटलरवाला काका विसरला नसाल तर आता त्याची पाळी. मूल स्वतःच बोलतं, तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही.

वही, प्रमाणपत्र, "मी मीप होणार" असं पोस्टर, यातलं काही करून घेऊ नका. मीप आयुष्यभर सांगत राहिली की मला हिरो म्हणू नका. हे वाक्य मुलांना सांगायचं आणि मग तिच्या नावाची ट्रॉफी वाटायची, हे मी एका स्पर्धेत पाहिलंय.

चिठ्ठ्या, नकाशा आणि फोटो एका पाकिटात घालून ठेवा. बटाटे त्याच दिवशी घरी न्या. एकदा मी ते पिशवीतच विसरले आणि पुढच्या शनिवारी कपाट उघडल्यावर मुलांनीच मला सांगितलं की वासावरूनही माणसं पकडली गेली असतील.